समाधान, संतोष की तृप्ती? आणि ते 'सापडतं' का?

धागाकर्ती (फिलाडेल्फियाजवळून)

नमस्कार मंडळी. मी मूळची नगरची, सध्या पेनसिल्व्हेनियात. आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. नगरच्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची ऑनलाइन प्रार्थनासभा असते. पुढच्या सभेत मला साक्ष द्यायची आहे, म्हणजे देवाबद्दलचा माझा अनुभव सांगायचा आहे. विषय डोक्यात बसलाय तो इंग्रजीत: मुलांना घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती आईबापांची 'कंटेन्टमेंट'. मराठीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्याला अडले. "मला समाधान सापडलं" असं लिहिलं होतं. आईला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, "असं कोणी बोलत नाही गं."

मला काय म्हणायचंय ते आधी सांगते, म्हणजे शब्द सुचवायला सोपं जाईल. इथे १९८८ सालापासून घरी शिकवण्याचा कायदा आहे. दरवर्षी प्रतिज्ञापत्र द्यायचं, वर्षाचे १८० दिवस किंवा प्राथमिकला ९०० तास भरायचे, मुलांच्या कामाची फाइल ठेवायची. जूनअखेरच्या आत एक पात्र शिक्षिका ती फाइल बघते, मुलांशी बोलते आणि योग्य शिक्षण चालू आहे असं लिहून देते. तो कागद हातात पडला की मला हायसं वाटतं. पण ते टिकत नाही. चर्चमधल्या एका आईची मुलं लॅटिन शिकतायत असं कानावर येतं, आणि आमचा धाकटा अजून अपूर्णांकांत छेद मोठा की अंश मोठा यावर अडलेला असतो. सकाळी आम्ही स्तोत्र वाचतो, प्रार्थना करतो, आणि तासाभरात मी त्याच टेबलाशी त्याच्यावर आवाज चढवते. रात्री रुखरुख लागते. शाळेत घातलं असतं तर बरं झालं असतं का?

तर कागद मिळाल्यावर वाटतं ते नव्हे, आणि "जाऊ दे, चाललंय ते बरंय" हेही नव्हे. रुखरुख लावणारी परिस्थिती तशीच असताना मन ठिकाणावर असणं, याला काय म्हणू? समाधान? संतोष? तृप्ती?

प्रतिसाद (निवृत्त शिक्षक, नगर)

ताई, तुमच्या आईंचं बरोबर आहे. वस्तू सापडते, रस्ता सापडतो, समाधान सापडत नाही. ते मिळतं, वाटतं, लाभतं, होतं. शंकेचंही समाधान 'होतं'. 'समाधान शोधणे' हल्ली वर्तमानपत्रांत दिसतं, पण ते बहुधा हिंदीतून आलेलं आहे. हिंदीत समस्येचं समाधान म्हणजे तोडगा, उत्तर. आपण मराठीत अडचणीवर उपाय काढतो आणि माणसाचं समाधान करतो.

आता तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट. प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात मी आयुष्यभर 'समाधानकारक' लिहिलं. हा शब्द चांगला वाटतो, पण प्रत्येक पालकाला कळायचं की उत्तम नाही, चांगलं नाही, त्याच्या खालचं काहीतरी. इथे समाधान कोणाचं? तपासणाऱ्याचं. मुलाच्या किंवा आईच्या मनाशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या मूल्यमापनाचा कागद या जातीचा आहे. तो 'समाधानकारक' देतो, 'समाधान' देत नाही. शब्द एकाच घरातले असल्यामुळे आपली गल्लत होते.

दुसरं, क्रियापद बदललं की अर्थ पार बदलतो. 'समाधान वाटणे' आपोआप घडतं. 'समाधान मानणे' म्हणजे हवं ते मिळालं नाही, आहे त्यावर भागवलं. 'समाधान मानून घेणे' त्याहून खाली, त्यात नाइलाज आहे. आणि 'समाधानी असणे' हा स्वभाव. एकाच नामाच्या या चार पायऱ्या इंग्रजी शब्दात दिसत नाहीत.

प्रतिसाद

संतोषबद्दल थोडंसं. बोलण्यात हा शब्द आता फारसा उरलेला नाही, मुलाचं नाव म्हणून जास्त ऐकू येतो. उलट 'असंतोष' ठणठणीत आहे, पण तो जनतेत पसरतो, कामगारांत धुमसतो. लोकमान्यांना भारतीय असंतोषाचे जनक म्हणतात, असमाधानाचे नव्हे. असमाधान एकट्याचं असतं, घरातलं असतं. ताईंचा विषय घरातला आहे, म्हणून संतोष नको.

तृप्तीत पोट भरल्याचा अर्थ आहे. ताटावरून उठल्यावरची ती अवस्था, पुन्हा भूक लागेपर्यंतची.

प्रतिसाद (पाळक, पुणे जिल्हा)

सिस्टर, साक्ष शास्त्रावरून द्यायची असेल तर आपल्या पवित्र शास्त्रात काय आहे ते पाहू. १ तीमथ्य ६:६ मध्ये "चित्तसमाधानासह भक्ती हा तर मोठाच लाभ आहे" असं आहे. इब्री १३:५ मध्ये 'तृप्त' आहे, आणि तिथला संदर्भ पैशाच्या लोभाचा आहे, त्यामुळे तो शब्द तिथे शोभतो. तीमथ्यातल्या ओळीतला ग्रीक शब्द 'ऑटार्केइया'. फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (फिलिप्पै ४:११) प्रेषित पौल स्वतःसाठी त्याच घरातला 'ऑटार्केस' वापरतो. मूळ अर्थ स्वतःपुरतं पुरेसं असणारा, कोणावर अवलंबून नसलेला. प्राचीन ग्रीक-रोमन काळातल्या स्टोइक तत्त्वज्ञांचा हा आवडता शब्द होता.

पौल मात्र तो उलटवतो. तो कैदेत आहे. एपफ्रदीत या सहकाऱ्याच्या हाती फिलिप्पैच्या मंडळीने मदत पाठवली, तिची पोच देताना तो हे लिहितो आहे. म्हणजे दुसऱ्याची मदत हातात असताना म्हणतो की मी आहे त्या स्थितीत समाधानी आहे, आणि दोनच ओळींनंतर सांगतो की हे बळ मला सामर्थ्य देणाऱ्याचं आहे. 'मी एकटी सगळं करीन, कोणाची गरज नाही' हे पौलाचं समाधान नाही. घरी शिकवणाऱ्या आयांना हे मुद्दाम सांगावं असं मला वाटतं. गणित दुसऱ्या कोणाकडून शिकवून घेतलं तर समाधानात काही उणं येत नाही.

आणखी एक. पौल म्हणतो मी हे 'शिकलो आहे'. तिथलं ग्रीक क्रियापद आणि शिष्यासाठीचा 'मथेतेस' हा शब्द एकाच धातूचे. त्याला हे बाप्तिस्म्याबरोबर आयतं मिळालं नाही. विपुलतेत आणि टंचाईत, दोन्हीत शिकावं लागलं. तुमच्या टेबलाशी अपूर्णांक शिकणाऱ्या मुलाला वेळ लागतो, तसा आईलाही लागेल. तेवढा वेळ स्वतःला द्या.

प्रतिसाद

पाळकसाहेबांनी 'चित्तसमाधान' म्हटल्याबरोबर कोणालाही तुकोबांची ओळ आठवावी: "ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें । चित्तीं असों द्यावें समाधान". पुढच्या ओळी लोक सोडून देतात. "वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ", आणि शेवटी "तुका म्हणे घालूं तयावरी भार". समाधानाच्या विरुद्ध तुकोबांनी ठेवलेला शब्द आहे उद्वेग. ताईंच्या रुखरुखीचा हा थोरला भाऊ. उद्वेग सोडा म्हणून नुसता उपदेश नाही, भार कोणावर घालायचा तेही सांगितलंय. १ पेत्र ५:७ मध्ये सगळी चिंता त्याच्यावर टाका म्हटलंय, त्याच्या शेजारी ही ओळ ठेवून वाचावी. मधली "भोगणें तें फळ संचिताचें" ही पूर्वकर्माची ओळ ख्रिस्ती माणूस तशीच घेणार नाही, पण शब्द कळायला ही अडचण नाही. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणतच की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ताई नगरच्या, त्यांना टिळक परके नाहीत.

प्रतिसाद (पुण्याहून, मीही मुलीला घरी शिकवते)

सगळं पटलं, पण एक हरकत नोंदवते. "समाधान मान" हे वाक्य बाईच्या वाट्याला फार येतं. नोकरी सुटली, समाधान मान. नवरा कामावर जातो आणि दिवसभर मुलं तुझ्या एकटीच्या गळ्यात, समाधान मान. सभेत बायका असणार, तर 'मानणे' हे क्रियापद चुकूनही वापरू नका, ताई. ऐकणारीला वाटेल थकवा बोलून दाखवायचीही सोय नाही. स्तोत्रांत तर देवाकडे केलेल्या तक्रारी भरपूर आहेत. तक्रार आणि समाधान एका घरात राहू शकतात.

दुसरं, 'होमस्कूलिंग'ला शब्द हवा असेल तर 'गृहशिक्षण' लेखात ठीक, 'घरशाळा' बोलण्यात गोड. पण घरशाळा म्हटलं की लोकांना फळा, घंटा आणि वेळापत्रक दिसतं, आणि निम्मी रुखरुख तिथेच जन्मते. मी "आम्ही घरी शिकवतो" असंच सांगते. पुढचा प्रश्न दहावीचा येतो, त्याला एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय, जिथून शाळेत न जाता दहावी देता येते) एवढं उत्तर पुरतं.

आणि हे परदेशी खूळ आहे असं सभेत कोणी म्हणालंच तर पंडिता रमाबाईंची आठवण करून द्या. त्या शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईने रमाबाईंना वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत शिकवलं. तेही तीर्थयात्रेत, गावोगाव फिरताना. ना फाइल, ना मूल्यमापन. पुढे त्याच रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. आईने शिकवायला घेतलं तेव्हा यातलं काहीच तिच्या डोळ्यांसमोर नव्हतं. मुलगी कर्ती व्हायच्या आधीच, १८७०च्या दशकातल्या दुष्काळात, ती गेली. फळ पाहायला न मिळताही तिने शिकवलं, हे मला फार मोठं वाटतं.

प्रतिसाद

फिलाडेल्फियाच्या बाजूला मल्याळी ख्रिस्ती बरेच आहेत, म्हणून सांगतो. त्यांच्याशी बोलताना सांभाळा. मल्याळम आणि तमिळ बायबलमध्ये 'समाधानम्' म्हणजे शांती. योहान १४:२७ मध्ये आपण "मी आपली शांती तुम्हांला देतो" वाचतो, तिथे ते समाधान वाचतात. तेलुगू बायबलमध्येही काही ठिकाणी तसंच, शिवाय रोजच्या तेलुगूत समाधान म्हणजे उत्तर. मूळ संस्कृत एकच: सम् + आ + धा, विखुरलेलं एकत्र नीट ठेवणं. समाधीही त्यातूनच आलेली.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांच्या 'समाधानकारक'ने माझी गाठ सुटली. वर्षभर मी त्या शिक्षिकेच्या नजरेनेच मुलांकडे बघत होते, त्या कागदाआधी नऊ-दहा महिने.

'चित्तसमाधान' घेते. 'मानणे' कुठेही येऊ देणार नाही, पुण्याच्या ताईंचं म्हणणं मला अगदी आतून पटलं. विखुरलेलं एकत्र ठेवणं हा अर्थही घेते, कारण माझं मन दिवसभर चार घरांत असतं: लॅटिनवालीच्या, शेजारणीच्या, माझ्या शाळेच्या जुन्या मैत्रिणींच्या, आणि उरलंच तर आमच्या. समाधान म्हणजे ते इथे, या टेबलाशी आणणं. काल धाकट्याबरोबर भाकरीचे तुकडे करून छेद-अंश पुन्हा केले. अजून पक्कं नाही झालं. पण मी घड्याळ बघितलं नाही आणि त्याने दोन गणितं आपणहून मागितली. हे साक्षीत सांगेन.

मसुद्यातलं पहिलं वाक्य आता असं केलंय: "घरी मुलांना शिकवताना मी चित्तसमाधान शिकते आहे." व्याकरणाने चालेल ना? की 'चित्तसमाधानाने राहायला शिकते आहे' म्हणू?

प्रतिसाद (निवृत्त शिक्षक, नगर)

दुसरं घ्या. समाधान शिकत नाहीत, समाधानाने राहायला शिकतात. आणि सभेत बोलायचं आहे, तर 'चित्त' एकदा वचनात येऊ द्या, नंतर नुसतं 'समाधान' पुरे. फिलिप्पैचा भाग ४:१० पासून वाचा. ११ वरून सुरू केलंत तर मदतीचा संदर्भ सुटेल.