मदत हवी आहे: गाडी गरम झाली की ऑटोमॅटिक गिअरला झटका, गिअरबॉक्स खरंच गेलाय का?

मंडळी नमस्कार, कोल्हापुरातून लिहितोय. आबांसाठी दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतली, ६ स्पीड, टॉर्क कन्व्हर्टरवाली, आता ९२ हजार किलोमीटर झालेत. त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबवत नाही, त्यामुळं ही गाडी थांबली की त्यांचं बाहेर पडणंच थांबतं.

महिनाभर झालं, सकाळी गाडी थंड असताना लोण्यासारखी चालते पण तासाभरानं गरम झाली की दुसऱ्यावरनं तिसऱ्या गिअरला जाताना असा झटका बसतोय की आबांचा हात आपोआप दारावरच्या हँडलला जातो. परवा वैभववाडीला बहिणीकडं गेलो होतो, येताना करूळ घाट चढून गगनबावड्यात आलो आणि गाडी एकाच गिअरात अडकली, बदलंच ना. बंद करून पाच-दहा मिनिटं थांबलो, परत चालू केली तर नीट. स्कॅनर लावल्यावर पी ०७४५ कोड आला, म्हणजे प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड, गिअरबॉक्सातल्या ऑइलचा दाब सांभाळणारा विजेवरचा व्हॉल्व्ह. गॅरेजवाले म्हणतात गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉलच करावा लागणार, सव्वा लाख.

मला जे पटंना ते सांगतो. हळू चालवताना झटका लई जोराचा असतो, पण अॅक्सिलरेटर दाबून पळवली की तोच गिअर बदल जवळजवळ नॉर्मल वाटतो. आणि लेव्हल प्लगमधनं थोडं ऑइल काढून बघितलं, लालसर आहे, जळका वास अजिबात नाही. गिअरबॉक्सातल्या क्लच प्लेटा गेल्या असत्या तर आरपीएम चढून गाडी ओढली नसती ना? इथं तर उलट, जरा जास्तच घट्ट पकडतंय. मग सरळ ओव्हरहॉल कशाला? कुणाला अनुभव असेल तर सांगा, आठवड्यात निर्णय घ्यायचाय.

उत्तर:
भावा, गिअरबॉक्स उतरवू नकोस अजून, तू सांगितलेली लक्षणं इलेक्ट्रिकलची वाटतात. आतला पंप इंजिनवर फिरतो, त्यामुळं आरपीएम वाढले की तो गरजेपेक्षा जास्त ऑइल ढकलतो, जादाचं रेग्युलेटर व्हॉल्व्ह परत सोडून देतो. त्या व्हॉल्व्हवर किती दाब ठेवायचा हे सोलेनॉइड ठरवतो आणि सोलेनॉइडला किती करंट द्यायचा हे कॉम्प्युटर, थ्रॉटल, ऑइलचं तापमान, आत-बाहेरच्या शाफ्टचा स्पीड बघून, सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करत. आता मुख्य गोष्ट: बऱ्याच गिअरबॉक्सात करंट वाढला की प्रेशर कमी होतं. म्हणजे वायर तुटली की प्रेशर फुल्ल, आतले क्लच एकदम घट्ट पकडतात आणि झटका बसतो. मुद्दामच तसं केलेलं असतं, क्लच घसरून जळण्यापेक्षा झटका परवडला. पूर्ण लोडवर प्रेशर तसंही जास्तच लागतं म्हणून तुला पळवताना फरक कळत नाही, हळू चालवताना तेच प्रेशर अंगावर येतं.

मीटर घेऊन सोलेनॉइडचा रेझिस्टन्स गाडी थंड असताना आणि गरम झाल्यावर असा दोनदा मोज. तांब्याची कॉइल आहे, ३० डिग्रीला ५ ओहम असेल तर ९० ला सहाच्या जरा वर जाणारच, ते बरोबर आहे. पण मधेच रीडिंग उडालं किंवा सर्किट उघडं दाखवलं तर दोष कॉइलमध्ये किंवा वायरिंगमध्ये. बाहेरच्या कनेक्टरची पिन पण बघ, ऑइल झिरपून तिथं येतं.

अपडेट:
दादा, लई आभार. काल उद्यमनगरातल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडं मोजलं. थंड असताना ५.२ ओहम. रंकाळ्याला चार फेऱ्या मारून गरम केली, ६.३. मी म्हटलं झालं, कॉइल चांगली म्हणजे आता ओव्हरहॉलच. मग त्यानं कनेक्टरची वायर बोटानं जरा हलवली आणि मीटर एकदम कोरा. सोडली की परत ६.३. कनेक्टर काढला तर आत ऑइल साचलेलं आणि एक पिन काळी पडलेली. आबा शेजारीच उभे होते, तीन वेळा हलवून बघायला लावलं त्यांनी.

आता एवढंच सांगा, नुसता कनेक्टर आणि आतलं हार्नेस (वायरांचा जुडगा) बदललं तर चालेल का सोलेनॉइड पण सोबत घ्यावा? आणि बदलल्यावर कॉम्प्युटरनं आजवर शिकलेलं अॅडाप्टेशन स्कॅनरनं पुसून नव्यानं शिकवावं लागतं असं तो म्हणतोय, ते किती किलोमीटर चालवून होतं? सोमवारी पार्ट मागवायचाय.