रात्री साडेदहाला कॅज्युल्टीत एवढी गर्दी कधीपासून व्हायला लागली?

शेंगाचटणी: परवा पोरगं सायकलवरून पडलं, हनुवटी फुटली, म्हणून एका मोठ्या दवाखान्यात नेलं, नाव घेत नाही. बाकड्यावर बसायला जागा नाही. निम्म्या लोकांना काय झालंय बघावं तर सर्दी, तीन दिवसांचा ताप, एकजण तर पाय खाजतोय म्हणून आलेला. आम्ही दीड तास रुमाल दाबून बसलो आणि मागनं आलेले एक काका चालत चालत डायरेक्ट आत. वशिला लागतो काय बे? आमच्या लहानपणी कॅज्युल्टी म्हणजे अॅक्सिडेंट नाहीतर औषध पिलेला पेशंट, एवढंच माहीत होतं.

रात्रपाळी_सिस्टर: वशिला नाही हो भाऊ. तिथं आल्याच्या क्रमानं नंबर नसतो, ट्रायाज असतं, म्हणजे कोण जास्त सिरियस ते बघून आधी घ्यायचं, लाल पिवळा हिरवा. काकांच्या छातीत दुखत असणार, त्यात दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. तोंड वाकडं झालेला लकव्याचा पेशंट आला तर मेंदूतली रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, अक्कलकोट मोहोळकडून आणेपर्यंत त्यातला बराच वेळ गेलेला असतो. आणि काका चालत का आले हा खरा प्रश्न आहे, १०८ ची अँब्युलन्स राज्यात २०१४ पासून फुकट आहे, तरी लोक छाती धरून गाडीवर ट्रिपल सीट येतात. तुमचं पोरगं रडत होतं ना? रडणारं पोरगं बरं, गप पडलेलं दिसलं की आम्ही पळतो.

जुनी_गिरणी: पूर्वी गल्लीतल्या डॉक्टरांचं दार रात्री वाजवलं तरी बनियनवर खाली यायचे, पुडीत चार गोळ्या द्यायचे. आता नऊला शटर. मग लोकं जाणार कुठं?

विडीवाल्या_घरातला: सरकारी ओपीडी सकाळची. माझी आई विड्या वळते, हजार विड्यांमागे मजुरी, केसपेपरच्या लाईनीत सकाळ गेली की त्या दिवसाचे पैसे गेले. मग ताप अंगावर काढायचा आन रात्री काम उरकलं की कॅज्युल्टी. पाय खाजणाऱ्याला हसू नका, दिवसभर यंत्रमागावर उभा असंल तो.

शेंगाचटणी: बरं, चुकलं. काकांचा शर्ट पाठीवर पूर्ण भिजला होता, आत्ता आठवलं. पोराला तीन टाके पडले. सिस्टर, ते काढायला सकाळच्या ओपीडीलाच यावं लागंल ना? म्हणजे माझीपण अर्धी रजा गेली.