सातारा लोकसभा २०२४: आपल्या गावाने नक्की कुणाला मत दिलं हे कुठे बघायचं?

कृष्णाकाठ:
मंडळी, एक विचारायचंय. गावी गेलो की दर वेळी हाच वाद. चुलते म्हणतात गाव राजेंच्या मागे होतं, मामा म्हणतात तुतारीच चालली, आणि दोघंही असं ठासून सांगतात की जणू मशीन यांनीच उघडलं. पेपरात आख्ख्या मतदारसंघाचा आकडा येतो, भाजपचे उदयनराजे ५,७१,१३४, तुतारीवाले शशिकांत शिंदे ५,३८,३६३, लीड ३२,७७१, विषय संपला. पण आमच्या एका गावात काय झालं ते कळतं का कुठे? गाव कराड उत्तरमध्ये आहे. आणि ते पिपाणीमुळे सीट गेली म्हणतात त्यात कितपत दम आहे?

आकडेमोड्या:
कळतं की. फॉर्म २० शोध. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर विधानसभेप्रमाणे पीडीएफ असतात. एक ओळ म्हणजे एक मतदान केंद्र, आडवे रकाने उमेदवारांचे, कडेला नोटा (यापैकी कुणीही नाही) आणि बेरीज. यात गुप्त मतदानाचा काही भंग नाही, कुणी कुणाला दिलं ते दिसत नाही, केंद्रावर किती पडली एवढंच दिसतं.

गोची अशी की गावाचं नाव नसतं, नुसता केंद्र क्रमांक. मग केंद्रांची यादी वेगळी उघडायची आणि आपला नंबर जुळवायचा. बरेचदा मतदार यादीतला भाग क्रमांक तोच असतो पण डोळे झाकून धरू नको, आणि २०१९ चा नंबर २०२४ ला तोच असेल असंही नाही. वर पीडीएफ स्कॅन केलेली असली की सर्च चालत नाही, पट्टी लावून ओळ वाचायची, मी स्वतः एकदा एक ओळ घसरून शेजारच्या गावाचा निकाल आमच्या ग्रुपवर टाकला होता आणि दोन दिवस शिव्या खाल्ल्या. पोस्टल मतं वेगळी मोजतात, ती कुठल्या गावची ते कळत नाही.

जुना बूथ एजंट:
पिपाणीचं मी सांगतो कारण ७ मेला दिवसभर केंद्रावर बसून होतो. शरद पवारसाहेबांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि अपक्ष संजय गाडेंना मिळालेलं ट्रम्पेट, ज्याला सगळे पिपाणी म्हणतात. गाडेंना पडली ३७,०६२. शिंदे पडले ३२,७७१ नी. आता तूच बघ.

सगळीच्या सगळी चुकून पडली असं मी म्हणणार नाही, पण प्रचार न केलेल्या अपक्षाला सदतीस हजार कुठून येतात? आमच्या केंद्रावरनं एक आज्जी बाहेर आली आणि दारातच म्हणाली, "दिलं बाबा तुतारीला, पर फुकणारा माणूस न्हवता त्यात, जेवायला गेला आसंल." आता काय बोलणार, मत तर पडून गेलेलं. तिकडे दिंडोरीत तर बाबू भगरे नावाच्या अपक्षाला याच चिन्हावर १,०३,६३२ पडली, तिथे आडनावही सेम. पण तुतारीवाल्या भास्कर भगरे गुरुजींचं लीडच लाखाच्या वर होतं म्हणून निभावलं, आमच्याकडे तेवढी ढील नव्हती.

आकडेमोड्या:
पिपाणी खरी आहेच, पण सगळं खापर तिच्यावर फोडू नका. तीन निवडणुका शेजारी ठेवून बघा. एप्रिल २०१९ ला उदयनराजे राष्ट्रवादीकडून, ५,७९,०२६. त्याच वर्षी ऑक्टोबरची पोटनिवडणूक भाजपकडून, ५,४८,९०३. २०२४ ला परत भाजप, ५,७१,१३४. पक्ष बदलला, हरले, जिंकले, पण माणसाचा आकडा साडेपाच ते पावणेसहा लाखाच्या आसपासच फिरतोय. हलतोय तो समोरचा! एप्रिलला शिवसेनेचे नरेंद्र पाटील ४,५२,४९८, ऑक्टोबरला राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील थेट ६,३६,६२०. म्हणजे ऑक्टोबरच्या त्या शरद पवारांच्या पावसातल्या सभेने राजेंची मतं फार खाल्ली नाहीत, समोरची फुगवली. २०२४ ला श्रीनिवास पाटील उभेच नव्हते आणि शिंदेंना ती गर्दी पूर्ण गोळा झाली नाही.

जुना बूथ एजंट:
आकडा तोच म्हणून माणसं तीच असं थोडीच? पक्ष बदलल्यावर आमच्या गावातली जुनी राष्ट्रवादीची घरं तुटली आणि कधी राजेंना न देणारी भाजपची घरं आली. बेरीज जुळली, माणसं वेगळी. म्हणून तर फॉर्म २० बघायचा, केंद्रागणिक उलथापालथ दिसते. बाकी तालुक्यांचं म्हणशील तर मोठं लीड एकट्या सातारा-जावळीनं दिलं, दोन्ही राजे, उदयनराजे आणि शिवेंद्रराजे, एका बाजूला आल्यावर तिथं दुसरं काय होणार. शिंदे मूळचे जावळीचे, आमदार कोरेगावचे होते, आणि कोरेगावातही मागे राहिले, हे जास्त लागलं.

माणदेशी:
सातारा जिल्हा सातारा जिल्हा म्हणताय पण आम्ही माण-खटाववाले आणि फलटणवाले त्यात नाही, आम्ही माढा लोकसभा मतदारसंघात. तिथे धैर्यशील मोहिते पाटील १,२०,८३७ नी आले. जिल्हा एक, खासदार दोन, आणि पाण्यासाठी दोघांच्याही मागं फिरायचं.

जुना बूथ एजंट:
@कृष्णाकाठ एक सांगायचं राहिलं. आकडा सापडला की गावच्या ग्रुपवर टाकू नको. बॅलेट पेपर होते तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजायची सोय होती, आता मशीनमुळे वस्तीवस्तीचा हिशोब उघडा पडतो. आयोगानेच २००८ ला टोटलायझरचा प्रस्ताव दिला होता, बऱ्याच मशीनची बेरीज एकदम करायची, पण झालं काही नाही. आमच्याकडे एका पुढाऱ्यानं भर सभेत केंद्राचा आकडा वाचून दाखवला आणि म्हणाला, आता रस्ता त्यांच्याकडनंच करून घ्या. खडी अजून तशीच पडलीय.

कृष्णाकाठ:
सापडलं! दीड तास गेला, पान तिरकं स्कॅन केलंय. गावात दोन केंद्रं, गावठाणातल्या शाळेत राजे पुढे आणि वाडीच्या अंगणवाडीत तुतारी. चुलते गावठाणात राहतात, मामा वाडीवर. पिपाणीपण आहे, वाडीवरच जास्त. ग्रुपवर टाकत नाही, पण चुलत्यांचा आत्ताच फोन येऊन गेला, "काय निघालं रे?" मी म्हटलं साइट बंद आहे.