वडिलांनी रागात उच्चारलेले शब्द मुलाला शापासारखे लागतात का?

प्रश्न (एक आई)

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. आमचा मोठा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. निकाल मनासारखा लागला नाही की त्याचे वडील संतापतात आणि ‘तुझ्या हातून आयुष्यात काहीही होणार नाही’ असे त्याला घरातील सर्वांदेखत सुनावतात. राग ओसरल्यावर ते पूर्वीसारखेच मायेने वागतात, मात्र बोलून गेलेल्या वाक्याचा विषय पुन्हा कोणी काढत नाही. अलीकडे मुलगा कोणतेही काम हाती घेण्याआधीच ‘मला जमणार नाही’ म्हणू लागला आहे. प्रार्थनागटातील एका भगिनीने नीतिसूत्रे 18:21 दाखवले, ज्यात मरण आणि जीवन जिभेच्या अधीन असल्याचे म्हटले आहे. वडिलांचे शब्द शाप होऊन मुलावर बसले आहेत, ते येशूच्या नावाने मोडले पाहिजेत आणि घरातील प्रत्येकाने रोज त्याच्या यशाची वाक्ये मोठ्याने उच्चारली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या यजमानांना ही निव्वळ अंधश्रद्धा वाटते. रागात बोललेले शब्द कोण मनावर घेतो, असे ते म्हणतात. मला यातले एकही टोक पटत नाही. पवित्र शास्त्र याविषयी नेमके काय शिकवते?

उत्तर (निवृत्त पाळक)

ताई, आधी भीतीविषयी बोलू या, कारण भ्यालेल्या घरात कोणतेही वचन नीट ऐकू येत नाही. त्याच नीतिसूत्रांच्या 26:2 मध्ये म्हटले आहे की भटकणारी चिमणी जशी कोठे टेकत नाही, तसा विनाकारण दिलेला शाप कोणावर येऊन ठेपत नाही. बलाम या द्रष्ट्याला तर इस्राएल लोकांना शाप देण्यासाठीच बोलावून नेले होते, तरी देवाने ज्यांना शापिले नाही त्यांना मी कसा शाप देऊ, असे त्याला म्हणावे लागले (गणना 23:8). तेव्हा आपल्या मुलाचे भवितव्य वडिलांच्या एखाद्या वाक्याने बांधले गेले आहे, असे मानण्याचे कारण नाही. विश्वासाने उच्चारलेला शब्द वस्तुस्थिती घडवतो, ही शिकवण विसाव्या शतकात अमेरिकेतील केनेथ हेगिन यांच्यासारख्या प्रचारकांनी दूरवर पोहोचवली. तिच्यात एक मोठी अडचण आहे. शब्द बोलून सृष्टी निर्माण करणे हे देवाचे काम आहे. माणसाच्या जिभेला ते सामर्थ्य दिले, की प्रार्थनेत मागण्याऐवजी माणूस हुकूम सोडू लागतो.

मात्र म्हणून आपल्या यजमानांचे म्हणणेही खरे ठरत नाही. कलस्सै 3:21 मध्ये पौल बापांना बजावतो की मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खिन्न होतील. आपण मुलाविषयी जे लिहिले आहे ते अगदी हेच आहे. ही खिन्नता कोणत्या अदृश्य शक्तीने येत नाही. ज्याच्या मताला मूल सर्वांत जास्त किंमत देते त्याचे मत ते खरे मानू लागते, म्हणून ती येते. 18:21 सुद्धा एकटे वाचू नये. त्याच अध्यायात थोडे आधी, ऐकून घेण्यापूर्वी उत्तर देणाऱ्याला मूर्ख म्हटले आहे. तेथे विषय कलहाचा आणि न्यायाचा आहे, मंत्राचा नाही.

उत्तर (एक वाचक)

पाळकसाहेबांच्या मताशी बहुतांशी सहमत आहे, पण मग इसहाकाचे काय? उत्पत्तीच्या 27व्या अध्यायात धाकटा मुलगा याकोब याने फसवणुकीने मिळवलेला आशीर्वादही त्याला परत घेता आला नाही आणि थोरला मुलगा एसाव हंबरडा फोडून रडला. तेथे उच्चारलेला शब्द जणू वस्तूसारखा हातातून निघून गेलेला दिसतो.

उत्तर (निवृत्त पाळक)

रास्त आक्षेप आहे. परंतु त्या आशीर्वादामागे इसहाकाचा बाप अब्राहाम याला देवाने दिलेले अभिवचन होते आणि थोरला मुलगा धाकट्याची सेवा करील हे देवाने मुले जन्मण्याआधीच त्यांची आई रिबका हिला सांगितले होते (25:23). इसहाकाच्या जिभेचे बळ त्या अभिवचनातून आलेले होते. त्यावरून प्रत्येक बापाच्या प्रत्येक उद्गाराचा नियम काढता येणार नाही. बापाच्या तोंडून निदान एक तरी चांगला शब्द ऐकायला मिळावा, ही एसावाची तळमळ मात्र कोणत्याही घरात ओळखता येईल.

येथे योनाथानही आठवतो. भोजनाच्या वेळी त्याचा बाप शौल राजा याने सर्वांसमक्ष त्याला शिवी दिली, त्याच्यावर भालाही फेकला, आणि तो काही न खाता संतापून उठून गेला (1 शमुवेल 20). तो शब्द त्याला लागला, यात शंका नाही. तरीही पुढे 23व्या अध्यायात हाच योनाथान शौलाच्या भीतीने रानात लपलेल्या आपल्या मित्राकडे, दाविदाकडे जाऊन ‘भिऊ नको’ असे सांगतो आणि देवाच्या ठायी त्याचा हात बळकट करतो.

उत्तर (शिक्षिका आणि दोन मुलांची आई)

शास्त्रार्थ पुरेसा झाला आहे, म्हणून मी कृतीविषयी लिहिते. पहिली गोष्ट अशी की जे सर्वांदेखत बोलले गेले ते सर्वांदेखतच मागे घेतले पाहिजे. नंतर मायेने वागणे पुरेसे नसते, कारण वडील आता प्रेमळ का झाले आणि आधीचे वाक्य खरे होते की खोटे, हे मुलाला कळत नाही. हन्ना प्रार्थना करत असताना एली याजकाने तिला दारू प्यालेली समजून दटावले. तिने खुलासा करताच त्याने आपल्या पदाचा मान आड येऊ दिला नाही; ‘शांतीने जा’ म्हणून त्याच तोंडाने तिला आशीर्वाद दिला (1 शमुवेल 1). घरातील कर्त्या पुरुषाने असे केल्याने त्याचा अधिकार कमी होत नाही.

दुसरी गोष्ट ताई, आपण पतीशी कसे बोलाल याची आहे. दावीद आपल्या घराण्याला आशीर्वाद देण्यासाठी परतला तेव्हा त्याची पत्नी, शौलाची मुलगी मीखल हिने त्याचे स्वागत टोमण्याने केले, आणि त्यानेही तिच्या बापाचे राज्य गेल्याचे तिला ऐकवले (2 शमुवेल 6). दोघांचे शब्द बोचरे होते आणि आशीर्वाद बाजूलाच राहिला. प्राचीन मंडळीतील धर्मगुरू ऑगस्टीनने आपली आई मोनिका हिच्याविषयी लिहिले आहे की पती संतापलेला असताना ती त्याला उलट बोलत नसे. तो शांत झाल्यावर योग्य वेळ पाहून आपली बाजू मांडत असे. हे उदाहरण देताना मला थोडा संकोच वाटतो, कारण त्याच्या आधाराने अनेक स्त्रियांना केवळ सोसायला सांगितले गेले आहे. त्यातले घेण्यासारखे आहे ते वेळेचे भान. बोलणे टाळायचे नाही, आणि मुलाच्या देखत वादही घालायचा नाही. शब्दांच्या जोडीला मारहाण किंवा धमक्या असतील, तर मात्र वेळ पाहत न बसता मंडळीतील जबाबदार व्यक्तींची आणि समुपदेशकाची मदत घ्यावी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मारहाण किंवा धमकी असे काही नाही. एकच शंका उरते: यशाची वाक्ये उच्चारायची नसतील, तर मुलाशी रोज बोलायचे तरी काय?

उत्तर (शिक्षिका आणि दोन मुलांची आई)

‘तू पहिला येशील’ हे वाक्यही त्याला निकालालाच बांधते, म्हणून मी ते टाळीन. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी ‘हा माझा प्रिय पुत्र’ ही वाणी झाली, तेव्हा शुभवर्तमानात त्याचा एकही चमत्कार नोंदलेला नव्हता (मत्तय 3:17). मुलाला त्याच्या गुणपत्रिकेशी संबंध नसलेले काहीतरी खरे सांगावे: त्याने धाकट्याला कशी मदत केली, कोणता अवघड धडा चिकाटीने पुन्हा वाचला. पोकळ स्तुती पंधरा वर्षांच्या मुलाला लगेच ओळखू येते. याला सवड लागते. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या आई सुझॅना यांच्या एकोणीस अपत्यांपैकी दहा जगली. त्या गर्दीतही त्यांनी 1712 च्या सुमारास प्रत्येक मुलाशी एकांतात बोलण्यासाठी आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवली होती, आणि जॉन मोठेपणीही आपल्या गुरुवारची आठवण काढत असत. आपल्या घरी अशी एक संध्याकाळ वडिलांनी घ्यावी असे मी सुचवीन, आणि पहिल्या दिवशी त्यांनी अभ्यासाचा विषय काढू नये.

उत्तर (निवृत्त पाळक)

त्यात एवढीच भर घालतो: झोपण्यापूर्वी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून गणना 6:24-26 मधील आशीर्वाद म्हणावा. त्यात यशाची हमी नाही. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझे संरक्षण करो आणि तुला शांती देवो, अशी ती विनंती आहे. शक्य असेल तर तो वडिलांनीच म्हणावा. गटातील भगिनीला दुखवण्याचेही कारण नाही. शाप मोडण्याऐवजी बापलेकांच्या समेटासाठी प्रार्थना करा, अशी विनंती त्यांना करता येईल.