फ्रान्समध्ये गाड्यांशिवायचा सायकल रस्ता हवाय: ल्वार की आणखी कुठे?

कर्वेनगरची_सायकल

नमस्कार मंडळी. मुलगी ल्योंला शिकते. पुढच्या मे-जूनमध्ये तिला भेटायला जाऊ तेव्हा आठ-दहा दिवस सायकलवर फिरावं असं माझ्या आणि यजमानांच्या मनात आहे. दोघंही पन्नाशीच्या पुढचे. पहाटे साडेपाचला निघून खडकवासल्यापर्यंत, सुट्टीच्या दिवशी पानशेतकडे, असा आमचा सराव आहे. सातनंतर सिंहगड रस्त्यावर डंपर आणि बस सुरू होतात, त्याआधी आम्ही घरी.

अडचण एकच, पण मोठी आहे. यजमानांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. मागून गाडी आली तरी कळत नाही. त्यामुळे "रहदारी कमी असते हो" या उत्तराचा मला उपयोग नाही. गाड्या नसलेलाच रस्ता हवा. जो तो ल्वार नदीचं नाव घेतो. तो रस्ता खरंच गाड्यांना पूर्ण बंद आहे का? आणि आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही. खेड्यापाड्यात निभेल का?

सहकारनगर_कालवा

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, आयुष्य कालव्यांच्या काठानेच गेलं. सौ. आणि मी बोर्दो ते तुलूझ सायकलने केलंय. तुम्हाला मी तेच सुचवेन.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. फ्रान्समध्ये सायकलवाल्यांसाठी दोन प्रकारचे मार्ग आखलेले असतात. "व्वा व्हेर्त" म्हणजे सायकल, पायी चालणारे, स्केटिंगवाले यांच्यासाठीच राखलेली वाट. तिथे मोटारीला बंदी. "व्हेलोरूट" म्हणजे पाट्या लावलेला लांबचा मार्ग, त्यात अशा वाटाही येतात आणि गावातले मोटारींचे रस्तेही येतात. ल्वारचा मार्ग दुसऱ्या प्रकारातला. ९०० किलोमीटर आहे, सुंदर आहे, पण मधेमधे मोटारी आहेतच. जाहिरातीतलं नाव बघून ठरवू नका. नकाशावर प्रत्येक टप्पा कोणत्या प्रकारात मोडतो ते बघून ठरवा.

आता कालवा. गारोन नदीला समांतर जाणारा हा कालवा १८५६ मध्ये पूर्ण झाला. तुलूझपासून कास्ते-आं-दोर्तपर्यंत १९३ किलोमीटर, वाटेत ५३ लॉक, म्हणजे होडीला पाण्याबरोबर वर चढवणारे किंवा खाली उतरवणारे दारांचे हौद. पूर्वी काठावरून घोडे दोरांनी होड्या ओढायचे. त्या घोड्यांच्या वाटेवर आता डांबर आहे आणि त्यावरून आपण जातो. काम चालू होतं त्याच सुमारास शेजारून रेल्वे आली आणि मालवाहतूक तिकडे गेली. ती रेल्वे आज आपल्या कामाची. मार्मांद, आजाँ, म्वासाक, मोंतोबां, सगळीकडे स्टेशनं आहेत. कोणी थकलं, पाऊस लागला, तर गाडीत बसायचं.

कालव्याला चढ नसतो हे तुम्हाला सांगायला नको, आपला मुठा उजवा कालवाही तसाच. तिकडे चढ येतो तो फक्त लॉकपाशी. वीस-तीस मीटर लांबीचा छोटा उठाव, एक गिअर खाली टाकला की पार. मी मात्र प्रत्येक लॉकला उतरायचो. होडी आत येते, मागची दारं मिटतात, मग झडपा उघडतात आणि पाणी तळातून उसळत चढायला लागतं. होडीवरचा माणूस आधी आपल्या पायाशी असतो. बघता बघता तो आपल्या डोळ्यांच्या पातळीला येतो आणि हसून "बोंजूर" म्हणतो. सौ. पुढे जाऊन झाडाखाली बसायची, तिला माझी सवय आहे.

आजाँला जलसेतू आहे. २३ कमानी, ५३९ मीटर लांब, खाली गारोन नदी वाहते, वरून कालवा जातो आणि कालव्याच्या कडेने आपण. दगडी बांधकाम, दीडशेहून अधिक वर्षांचं, आणि अजून त्यातून होड्या जातात. मी तिथे बराच वेळ थांबलो. तुम्हीही थांबा. म्वासाकला मठाचं अंगण आहे, सन ११०० मधलं. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर निराळं कोरीव काम.

आता जपायचं ते सांगतो. बोर्दोहून निघाल्यावर आधी जुन्या रेल्वेच्या जागेवरची वाट लागते, सोव्हतेरपर्यंत, पन्नासेक किलोमीटर. रोजे लापेबी याचं नाव तिला दिलंय. १९३७ ची तूर द फ्रान्स त्याने जिंकली, आणि डिरेलर गिअर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा) लावून ती जिंकणारा तो पहिला. ही वाट उत्तम. पण सोव्हतेर ते कालवा या मधल्या पट्ट्यात चढउताराचे गावरस्ते आहेत आणि तिथे मोटारी असतात. तुमच्यासाठी मी तो पट्टा गाळेन. लापेबीची वाट बोर्दोहून जाऊन-येऊन करा, मग रेल्वेने ला रेओलला या. तिथून फोंतेला कालवा धरायला थोडंसंच अंतर रस्त्यावर आहे. तेवढ्यात तुम्ही मागे राहा आणि यजमानांना पुढे ठेवा. त्यानंतर तुलूझपर्यंत काठ सोडायचा नाही.

तुलूझच्या पुढे कॅनाल द्यु मिदी सुरू होतो. पिएर-पोल रिके याने १६६६ ते १६८१ मध्ये तो खोदवला. १९९६ पासून जागतिक वारसा आहे. नावाला भुलून त्याच्या भूमध्य समुद्राकडच्या टोकाला, सेतपर्यंत, जायचा बेत करू नका. सुरुवातीचे पन्नास किलोमीटर डांबर आहे, पुढे बराच भाग मातीचा, अरुंद आणि मुळांनी भरलेला. पण त्या पन्नास किलोमीटरच्या टोकाला नोरूझ आहे, तिथे जाच. तो कालव्याचा माथा, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर. डोंगरातलं पाणी सें-फेरेओलच्या धरणात साठवून चराने इथे आणलंय आणि इथून ते दोन्हीकडे वाटलं जातं, अर्धं अटलांटिककडे, अर्धं भूमध्य समुद्राकडे. सतराव्या शतकात या माणसाला कळलं होतं की कालव्याचा प्रश्न खोदाईचा नसतो, माथ्यावर पाणी कुठून आणायचं याचा असतो. माझ्यासाठी सगळ्या प्रवासातली ही सगळ्यात मोठी जागा.

बावधन_ट्रेलर

काकांनी कालव्याचं सांगितलंच. मुलगी ल्योंला असेल तर मी आधी बरगंडीचं नाव घेईन. माकों ल्योंहून रेल्वेने तासाभराच्या आत. तिथून क्लुनी आणि पुढे जिव्ह्री. जिव्ह्री-क्लुनी हा ४४ किलोमीटरचा तुकडा म्हणजे फ्रान्समधली पहिली व्वा व्हेर्त, १९९७ ची, जुन्या रेल्वेमार्गावर. मुलाला ट्रेलरमध्ये बसवून आम्ही गेलो होतो, एकदाही जीव मुठीत धरावा लागला नाही. रेल्वेचा मार्ग असल्याने चढ सौम्य. वाटेवर मोटार शिरू नये म्हणून तोंडाशी आडवे खांब असतात, तिथे उतरून ट्रेलर हळूच काढावा लागायचा, एवढाच काय तो त्रास.

क्लुनीच्या दक्षिणेला बोगदा आहे, दीड किलोमीटरहून जास्त लांब. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात, मे-जूनमध्ये उघडा. आत भर उन्हाळ्यातही गारठा असतो, विंडचीटर वरच ठेवा. क्लुनीचा मठ सन ९१० चा, एकेकाळी त्याचं चर्च ख्रिस्ती जगात सर्वांत मोठं होतं. क्रांतीनंतर दगडासाठी पाडलं, आता त्याचा छोटासा भाग उभा आहे.

जेवणाचं: निभतं, पण वेळ सांभाळावी लागते. खेड्यातली दुकानं दुपारी साडेबारापासून दोन-अडीच तास बंद. रविवारी दुपारनंतर काही मिळत नाही, सोमवारीही बरीच बंद. मे महिन्यात सुट्ट्या खूप असतात: १ तारीख, ८ तारीख, शिवाय असेन्शनचा गुरुवार. सकाळीच बेकरीतून पाव घ्यायचा, बाजारातून टोमॅटो, चेरी, चीज. बेकरीतल्या बऱ्याच गोड पदार्थांत अंडं असतं, साधा "बागेत" (लांबट फ्रेंच पाव) बिनधास्त घ्या. रात्रीसाठी स्वयंपाकघर असलेली खोली बघा. भाजणी आणि मेतकूट न्या. पेढे, तूप नेऊ नका. दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे.

पिण्याचं पाणी संपलं तर गावातल्या दफनभूमीत जा, तिथे बहुतेक नळ असतो. "नों पोताब्ल" लिहिलं असेल तर मात्र ते प्यायचं नाही.

कोथरूड_ते_कुठेही

ल्वारची बाजू घेतो. शांबोरचा राजवाडा झाडीतून अचानक समोर येतो तेव्हा सायकलवर असणं हे भाग्य आहे. शिवाय सायकलवाल्यांना ठेवून घेणारी घरं आणि हॉटेलं त्या पट्ट्यात भरपूर, "आकेय व्हेलो"ची पाटी बघायची. पण ताईंची अट वाचली. कानाचा प्रश्न असेल तर काकांचंच ऐका. ल्वार बघायचीच असेल तर एका गावात मुक्काम करून आसपास फिरा, पूर्ण मार्ग नको.

कर्वेनगरची_सायकल

सगळ्यांचे मनापासून आभार. यजमानांना वाचून दाखवलं, जलसेतूपाशी त्यांनी दोनदा वाचायला लावलं! आता ठरतंय असं: आधी मुलीबरोबर क्लुनी, मग आम्ही दोघं गारोनचा कालवा. सायकली इथून न्याव्यात का? आणि काका, टायर कसे?

सहकारनगर_कालवा

नेऊ नका. खोक्यात भरा, विमानाचं वजन सांभाळा, पॅरिसला उतरून ते खोकं ओढा, दहा दिवसांसाठी हे कशाला? बोर्दोला घेऊन तुलूझला परत करता येतील अशा भाड्याच्या सायकली मिळतात, पॅनिअरसकट (मागच्या चाकाला अडकवायच्या पिशव्या). जूनसाठी आधीच सांगून ठेवा. सीट मात्र स्वतःची न्या, नव्या सीटवर पहिले दोन दिवस वाईट जातात. टायर निदान ३५ मिलिमीटरचे मागा, कारण काठावरच्या "प्लेन" नावाच्या झाडांची मुळं डांबर उचलतात आणि सावलीत ती दिसत नाहीत.

यजमानांसाठी हँडलच्या डाव्या टोकाला आरसा लावा. व्वा व्हेर्तवर मोटार नसली तरी जोरात येणारे सायकलवाले असतात आणि ओलांडताना ते डावीकडूनच जातात. तिकडे आपण उजव्या बाजूने चालवायचं, म्हणजे न ऐकू येणारा कान नेमका त्या बाजूला. मागून घंटी वाजली की तुम्ही "उजवीकडे" एवढंच ओरडा. खडकवासल्याच्या वाटेवर आत्तापासून सराव करा.

लांबच्या तेजेव्हे गाड्यांत सायकलची जागा मर्यादित असते आणि आधी आरक्षित करावी लागते. जवळच्या तेएएर गाड्यांत बहुतेक ठिकाणी फुकट, पण गर्दीच्या दिवशी डबा भरलेला असतो, म्हणून सकाळची धरा. व्हिसासाठी प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो घेताना सायकलिंगचा समावेश आहे का, हे लेखी विचारून घ्या.