बाकेनखोन्सु: पायऱ्या चढला की आकडे फुगवले?

कर्णकचा_किडा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "प्राचीन इजिप्तच्या आमून देवाचा महापुजारी म्हणजे बापाची गादी पोराला." कुठल्या काळात हो? दुसऱ्या रामसेस राजाचा महापुजारी बाकेनखोन्सु स्वतःच्या पुतळ्यावर (सध्या म्युनिकला) सगळा हिशेब कोरून गेलाय. बालपण ४ वर्षं, रामसेसचा बाप सेती राजा याच्या तबेल्यात ११, वाब (सगळ्यात खालच्या पायरीचा) पुजारी ४, देवपिता (त्यावरचं पद) १२, तिसरा पुजारी १५, दुसरा १२, महापुजारी २७. त्याआधीच्या नेबवेननेफला तर याच रामसेसने पहिल्याच वर्षी बाहेरून, देंदेराहून आणून महापुजारी म्हणून बसवलं.

शाईवाला: स्वतःच कोरून घेतलेलं प्रशस्तिपत्र, वा! वशिल्याशिवाय राजाच्या तबेल्यात पोरगं शिरतं? आणि नेबवेननेफची निवड म्हणे देवाने केली. राजाने नावं वाचली, देवाने नेमकी याच्याच नावाला मान डोलावली. देवाची पालखी कुणाच्या खांद्यावर होती ते सांगा.

ताळेबंद: वशिला राहू द्या, बेरीज बघा. वाबपासून शेवटपर्यंत ७० वर्षं. रामसेसचं राज्य ६६. म्हणजे वाब झाला तो सेतीच्या अखेरच्या ४ वर्षांत, त्याआधीची ११ सेतीच्याच तबेल्यात. सेतीला १५ वर्षं द्यावी लागतात. कुठून आणणार? त्याच्या थडग्यातल्या मद्याच्या रांजणांवर त्याच्या राज्याचं वर्ष ८ एवढंच आहे.

कर्णकचा_किडा: महापुजारी रामसेसबरोबरच संपला असं धरलं की हा घोळ होतो. ७ वर्षं पुढच्या राजाच्या, मेर्नेप्ताहच्या राज्यात ढकला, झालं.

ताळेबंद: आणि त्याच्यानंतरच्या महापुजाऱ्याला, रोमा-रोयला कुठे बसवू? तुमच्या मांडीवर?

नत्रोण: वाबची नोकरी बारमाही नव्हे, हे कुणी लक्षातच घेत नाही. पुजाऱ्यांचे चार गट, महिन्यामहिन्याने पाळी. वर्षात तीनच महिने देवळात: अंगभर मुंडण, तलावात स्नान, नत्रोणाने (खनिज सोड्याने) तोंड शुद्ध, फक्त लिननचं वस्त्र. उरलेले नऊ महिने माणूस मोकळा. तबेला आणि वाब एकाच वेळी चालू शकतात, मग बेरीज करायचं कारणच काय?

ताळेबंद: मजकुरात एकामागून एक लिहिलंय. सोयीपुरतं वाचू नका.

नत्रोण: क्रम पदांचा आहे, कॅलेंडरचा नाही. वर्ष ८ धरून बसलात तर तुमचंही जुळत नाही.

शाईवाला: बरं बाबा, बाकेनखोन्सु तुम्हाला आंदण. पण नंतरचा महापुजारी रामसेसनख्त, त्याची दोन पोरं त्याच्यामागून महापुजारी झाली, आणि त्यातला अमेनहोतेप आमूनच्या कर्णक देवळाच्या भिंतीवर राजाएवढा उंच कोरलाय. ही घराणेशाही नाही तर काय?

कर्णकचा_किडा: तिथे राजा नववा रामसेस. मी दुसऱ्याचं बोलतोय. मधले सहा रामसेस गिळून वाद जिंकता येत नाही.