मसाई मारा: दिवसभर प्राण्यांमागे धावायचं की एका जागी थांबायचं?

मुक्ता
केनियातलं मसाई मारा हे वन्यप्राण्यांचं राखीव क्षेत्र पाहून आलेल्यांना दिवस कसा गेला असं विचारलं की उत्तरात यादी येते. सिंह झाला, हत्ती झाले, बिबट्या दिसला, गेंडा तेवढा राहिला. माझं ठाम मत आहे की या यादीपायी आपण मारा बघतच नाही.

सकाळी सहाला गेट उघडतं. पठार दीड हजार मीटरच्या वर, त्यामुळे भर ऑगस्टात स्वेटर आणि कानटोपी लागते. सफारीच्या गाडीच्या उघड्या छतातून गार वारा झोंबत असतो आणि तेवढ्यात चालकाचा रेडिओ खरखरतो, दुसऱ्या चालकाला प्राणी दिसल्याचा निरोप असतो. ‘सिंबा’ म्हणजे सिंह, ‘दुमा’ म्हणजे चित्ता, हे स्वाहिली शब्द तासाभरात पाठ होतात. गाडी वळते, धुरळा उडतो. पोचेपर्यंत तिथे गाड्यांचं कडं पडलेलं असतं आणि मधे सिंह झोपलेला. दिवसाचे वीसेक तास तो आडवाच असतो. फोटो काढायचे, की पुन्हा रेडिओ.

एकदा आम्ही चालकाला इंजिन बंद करायला सांगितलं. वारुळावर टोपी नावाचा कुरंग उभा होता. तांबूस अंग, मांड्यांवर निळसर-काळे डाग. एकाच दिशेला टक लावून होता आणि मधूनच नाकातून फुरफुरत होता. आसपासच्या झेब्र्यांनी चरणं थांबवलं, सगळ्यांची तोंडं तिकडेच. बऱ्याच वेळाने गवतातून एक तरस उठलं आणि आपला पत्ता लागलाय हे कळताच सरळ चालू पडलं. शिकार झाली नाही. पण तो माळ कसा जगतो, कोण कोणावर नजर ठेवून असतं, ते त्या वेळात कळलं. म्हणून सांगते, निम्मा दिवस तरी रेडिओ बंद ठेवा.

शिरीष_सांगली
मुक्ताताई, हे अजिबात पटत नाही. जुलै ते डिसेंबरमध्ये परदेशी माणसाला नुसत्या प्रवेशाचे दिवसाला २०० डॉलर पडतात. वर विमान, मुक्काम, नैरोबीहून नारोकमार्गे पाच-सहा तासांचा रस्ता. आमच्या आई-बाबांसारखी माणसं आयुष्यात एकदाच जातात. त्यांना वारुळावरचा टोपी दाखवून परत आणायचं?

राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटर आहे. एवढ्या माळावर चित्ता कुठे बसलाय हे एकट्या चालकाने कसं शोधायचं? रेडिओ म्हणजे सगळ्या चालकांनी मिळून केलेला शोध आहे. त्याच्यामुळेच आईला सिंहीण आणि तिची पिल्लं दिसली. एक पिल्लू सारखं तिच्या शेपटीला लोंबकळत होतं आणि ती दरवेळी शेपटी सोडवून घेत होती. आई अजून ते सांगताना खुलते. यादी म्हणून या आनंदाला कमी लेखू नका.

रानवेडी
शिरीषदादा, आनंद कोणी नाकारत नाही. त्याची किंमत कोण मोजतं ते बघा. चित्ता मुख्यतः दिवसा शिकार करतो, कारण सिंह आणि तरस त्याची शिकार हिसकावतात. म्हणजे नेमका आपल्या गाड्या फिरतात तोच त्याचा कामाचा वेळ. माराच्या चित्त्यांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटक जास्त, तिथे एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं मोठी झाली. जिथे पर्यटक कमी, तिथे २.३. दहापटीहून जास्त फरक आहे हा!

एका प्राण्यापाशी पाचच गाड्या आणि इतर गाड्या वाट बघत असतील तर दहा मिनिटांत निघायचं, असा नियम आहे. गर्दीच्या दिवसांत तो सर्रास मोडतो, कारण एकाच वेळी सगळ्यांना एकच निरोप गेलेला असतो.

नैरोबीकर
इथे राहतो म्हणून दुसरी बाजू मांडतो. चालकावर दडपण पाहुण्यांचं असतं. पहिल्या सकाळीच मागून सुरू होतं, ‘त्या गाडीला बिबट्या दिसला, आपल्याला का नाही?’ संध्याकाळची टीप त्यावर ठरते. तो रस्ता सोडून गवतात घुसतो तेव्हा दंडाचा धोकाही तोच पत्करतो.

आणि पर्यटक नकोत असं कोणी म्हणू नये. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली, म्हणजे शिकारीतून पैसा येत नाही. राखीव क्षेत्राला लागून नाबोइशो, ओलारे मोटोरोगी अशा कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेल्या खाजगी जमिनी, आहेत. तिथे स्थानिक मसाई जमातीची कुटुंबं स्वतःची जमीन भाड्याने देतात आणि ते भाडं पर्यटनातून येतं. २०२० मध्ये पाहुणे थांबले तेव्हा त्या घरांची काय ओढाताण झाली ते आम्ही पाहिलंय. या जमिनींवर खोल्या आणि गाड्या मोजक्याच असतात. मसाई वाटाड्याबरोबर पायी फिरता येतं, रात्रीही गाडी निघते. शांत मारा हवा असेल तर तिकडे जा.

शिरीष_सांगली
म्हणजे शांतता ज्याला परवडते त्याची! कॉन्झर्व्हन्सीतल्या मुक्कामाचे दर बघितलेत का? ग्रुप टूरवाल्या माणसाने गर्दीत उभं राहायचं आणि वर चित्त्याचा गुन्हेगारही व्हायचं. नियम मोडणाऱ्या गाडीला तिथल्या तिथे दंड करा, गेटवर गाड्यांची संख्या बांधा. ताडोबात आपण ते निमूटपणे पाळतोच ना? व्यवस्थेने करायचं काम पर्यटकाच्या गळ्यात मारू नका.

मुक्ता
संख्या बांधायलाच हवी, त्यावर वाद नाही. पण मी सांगतेय त्याला जादा पैसा लागत नाही. त्याच राखीव क्षेत्रात, त्याच गाडीत करता येतं.

नदीचंच घ्या. विल्डबीस्ट या मोठ्या कुरंगांचा कळप मारा नदी ओलांडायला येतो आणि काठावर तासन्‌तास घोटाळतो. पुढचे पाण्याला तोंड लावतात, बिचकतात, मागे फिरतात. खाली मगरी, समोर उभा चढ. अशा वेळी गाड्या मागे, लांब थांबल्या पाहिजेत. एक गाडी चांगल्या फोटोसाठी कडेला सरकली की तिच्यामागे दहा सरकतात. आमच्यासमोर पुढच्या जनावरांनी पाण्यात पाय घातले होते आणि गाड्या धावल्याबरोबर अख्खा कळप उधळून माळावर परत गेला. ज्यांनी त्यासाठी सकाळपासून वाट पाहिली त्यांचाही दिवस गेला आणि त्या जनावरांचाही. हे व्यवस्थेने केलं नव्हतं, गाडीतल्या माणसांनी ‘पुढे घ्या, पुढे घ्या’ म्हणून केलं होतं.

सुलभा_ठाणे
तुम्ही सगळे शरीराचं बोलतच नाही. खड्ड्यांतून दिवसभर गाडी हाकली की साठीच्या माणसाची कंबर बोलायला लागते. बाथरूम लांब, म्हणून बायका पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोकं चढतं. आम्ही जेवणाचे डबे बरोबर घेतले आणि चालकाने सुरक्षित म्हणून दाखवलेल्या बाभळीखाली दीड-दोन तास थांबलो. माझ्या यजमानांना दुर्बिणीतून गिधाडं उतरताना दिसली, तिथून पुढे सिंहांनी खाल्लेली म्हैस सापडली. रेडिओविना. डबे मात्र स्टीलचे न्या. केनियाच्या संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकला जून २०२० पासून बंदी आहे.

शिरीष_सांगली
सुलभाताई, दुपारचं पटलं. सकाळचा रेडिओ मी तरी बंद करणार नाही. पहिल्यांदा आलेल्या माणसाला सिंह दिसेपर्यंत दुसरं काही दिसत नाही, हा माणसाचा स्वभाव आहे.

नैरोबीकर
मग निदान एवढं करा. आदल्या रात्रीच चालकाला सांगा, ‘प्राणी दिसो न दिसो, टीप ठरलेली आहे. आणि पाच गाड्या दिसल्या तर आपण थांबायचं नाही.’ हे पाहुण्याच्या तोंडून आलं की तो मोकळा होतो. इथले जुने चालक पक्ष्यांच्या आवाजावरून बिबट्याचं झाड सांगतात. पण त्यांना ते कोणी विचारतच नाही.